चर्च, मशीद, म्युझियम आणि पुन्हा मशीद. इस्तंबूलच्या ‘करिये’त आज नेमके काय पाहता येते?

इस्तंबूल म्हटले की हागिया सोफियाचा प्रचंड घुमट डोळ्यांसमोर येतो. पण याच शहरात, जुन्या तटबंदीला लागून असलेल्या एका वस्तीत आणखी एक इमारत आहे. हागिया सोफियापुढे ती अगदीच लहान. मात्र बायझंटाइन काळातील मोझेक आणि भित्तिचित्रे एकाच छताखाली पाहायची असतील, तर कलेचे अभ्यासक आधी हिचे नाव घेतात. ग्रीकमध्ये तिला ‘खोरा’ म्हणतात, तुर्कीमध्ये ‘करिये’.

६ मे २०२४ रोजी तुर्कीचे अध्यक्ष रेसेप तय्यिप एर्दोगान यांनी अंकारातून दूरस्थ पद्धतीने उद्घाटन केले आणि ही इमारत पुन्हा मशीद म्हणून खुली झाली. १९४५ पासून ती कागदोपत्री म्युझियम होती. त्याआधी चारशेहून अधिक वर्षे मशीद आणि त्याआधी काही शतके चर्च.

ग्रीसने या निर्णयावर नाराजी व्यक्त केली. तुर्की सरकारने चित्रे सुरक्षित असून ती सर्वांना पाहता येतील, असे सांगितले. दोन्ही बाजूंच्या बातम्या येऊन गेल्या. पण तिथे जाणाऱ्याला आज प्रत्यक्षात काय दिसते आणि काय दिसत नाही, हा साधा प्रश्न मागेच राहिला. त्याचे उत्तर समजण्यासाठी आधी भिंतींवर काय आहे आणि ते इतकी वर्षे कसे टिकले, हे पाहावे लागते.

‘खोरा’ म्हणजे काय?

ग्रीक भाषेत ‘खोरा’ म्हणजे जागा, प्रदेश, गावाबाहेरचा मुलूख. हा मठ मुळात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या तटबंदीबाहेर होता, म्हणून हे नाव पडले असे मानतात. पाचव्या शतकात सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात शहराभोवती नवी, आणखी बाहेरची तटबंदी उभी राहिली आणि मठ शहराच्या आत आला. नाव मात्र ‘बाहेरचा’ असेच राहिले. पुण्यात गावकुसाबाहेरच्या वाड्या शहराच्या पोटात आल्या तरी त्यांच्या नावातली ‘वाडी’ गेली नाही, तसेच काहीसे.

चर्च सजवणाऱ्यांनी या शब्दावर छान खेळ केला आहे. बाहेरच्या दालनात येशूच्या मोझेकशेजारी अक्षरे आहेत, ‘जिवंतांची खोरा’, म्हणजे जिवंतांची भूमी. त्याच्या समोर, प्रवेशद्वाराच्या वर मरिया आहे. तिच्याजवळ लिहिले आहे, ‘ज्याला कशातच सामावता येत नाही त्याची खोरा’. म्हणजे ईश्वराला पोटात जागा देणारी. मराठीत या शब्दाच्या सर्वांत जवळचा शब्द ‘क्षेत्र’ असावा. शेतही क्षेत्र आणि तीर्थही क्षेत्र. पुढे ऑटोमन काळात रूढ झालेले ‘करिये’ हे नाव अरबीतील ‘गाव’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. भाषा बदलली, तरी अर्थ फारसा हलला नाही.

एवढी चित्रे कोणी करून घेतली?

आज उभ्या असलेल्या इमारतीचा गाभा अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तो सम्राट पहिला अलेक्सिओस कोम्निनोस याच्या सासूने, मारिया डुकाइनाने बांधून घेतला. बाराव्या शतकात अलेक्सिओसचा मुलगा आयझॅक याने त्याची मोठी पुनर्बांधणी केली. पण खोरा आज ज्यासाठी ओळखले जाते, ते सगळे एका माणसाचे काम आहे. त्याचे नाव थिओडोर मेटोकाइटिस.

हा गृहस्थ सम्राट दुसरा अँड्रोनिकोस याच्या दरबारातला सर्वांत वजनदार मंत्री. तो खगोलशास्त्राचा अभ्यासक होता, ॲरिस्टॉटलवर त्याने टीका लिहिल्या, कविता केल्या आणि राज्याचा खजिनाही सांभाळला. बायझंटाइन साम्राज्य तेव्हा आकसत चालले होते. आशिया मायनरमधले मुलूख एकेक करून तुर्की सरदारांच्या हाती जात होते. अशा काळात, साधारण १३१५ ते १३२१ दरम्यान, मेटोकाइटिसने स्वतःच्या पैशातून या मठाचा जीर्णोद्धार केला. मूळ गाभाऱ्याला त्याने दोन दालने आणि एक लांबट उपमंदिर जोडले आणि सगळे चित्रांनी भरून टाकले.

तो स्वतःही तिथे आहे. आतल्या दालनातून मुख्य सभागृहात जाणाऱ्या दाराच्या वर येशू बसला आहे आणि त्याच्या पायाशी गुडघे टेकून मेटोकाइटिस चर्चची छोटी प्रतिकृती अर्पण करतो आहे. डोक्यावर भलीमोठी, पगडीसारखी फुगीर टोपी. देवापुढे गुडघे टेकतानाही मंत्रिपदाची टोपी काही उतरवलेली नाही.

आणखी एक दृश्य थांबून पाहण्यासारखे आहे. जनगणनेसाठी, म्हणजेच करासाठी नाव नोंदवायला गर्भवती मरिया रोमन सुभेदारापुढे उभी आहे. समोर कारकून गुंडाळी उघडून उभा. ही कथा बायबलमध्ये आहे, पण चर्चच्या भिंतीवर तिला इतकी ठळक जागा सहसा मिळत नाही. इथे ती का मिळाली असावी, याचा अंदाज करणे अवघड नाही. चित्रांचा खर्च करणारा माणूसच साम्राज्याच्या महसूल खात्याचा प्रमुख होता.

त्याचा शेवट मात्र वाईट झाला. १३२८ मध्ये नातवाने, म्हणजे तिसऱ्या अँड्रोनिकोसने, आजोबांना गादीवरून खाली ओढले. मेटोकाइटिसचे घर लुटले गेले आणि त्याला हद्दपार करण्यात आले. दोन वर्षांनी परतण्याची परवानगी मिळाली ती याच मठात भिक्षू म्हणून राहण्यासाठी. १३३२ मध्ये तो इथेच वारला.

सोने भिंतीवर चिकटते कसे?

फोटोत ही पार्श्वभूमी सोनेरी रंग दिल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ते खरे सोने आहे, पण काचेत बंद केलेले. काचेच्या तावावर सोन्याचा अतिशय पातळ वर्ख ठेवायचा, त्यावर काचेचा आणखी एक पातळ थर द्यायचा आणि भट्टीत ते एकजीव करायचे. मग त्या तावाचे काही मिलिमीटरचे चौकोनी तुकडे पाडायचे. वर्ख काचेखाली असल्यामुळे त्याला हवा लागत नाही, हात लागत नाही, तो काळा पडत नाही. सातशे वर्षे चमक टिकण्याचे मुख्य कारण हेच.

भिंतीवर चुन्याच्या गिलाव्याचे थर एकावर एक दिले जात. शेवटचा थर एका दिवसात होईल तेवढ्याच जागेवर लावायचा, कारण तो ओला असतानाच तुकडे बोटाने दाबून बसवायचे असतात. ओल्या गिलाव्यावर आधी चित्राची रंगीत रूपरेषा काढली जाई. म्हणजे कोणत्या रंगाचा तुकडा कुठे, हे कारागिराला लगेच कळे. तुकडे एका पातळीत बसवत नसत, प्रत्येकाचा कोन किंचित वेगळा. त्यामुळे खिडकीतला प्रकाश किंवा मेणबत्तीची ज्योत हलली की सगळी भिंत हलल्यासारखी वाटते. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये हा परिणाम मरतो. एकाच दिशेने आलेला पांढरा झोत सगळे सपाट करून टाकतो.

हागिया सोफियात मोझेक खूप उंचावर आहेत. खोरामध्ये दालने बुटकी आहेत, त्यामुळे मान वर केली की चित्र अगदी जवळ येते. आतल्या दालनाच्या दोन लहान घुमटांना भोपळ्यासारख्या फाका आहेत आणि त्या फाकांमधून येशूचे पूर्वज उभे आहेत. भिंतींवर मरियेचे बालपण आहे. पहिली सात पावले टाकणारी, हात पसरून तोल सांभाळणारी मुलगी, तिला मांडीवर घेऊन लाड करणारे आईवडील, मंदिराच्या पडद्यासाठी जांभळ्या लोकरीची गुंडी स्वीकारणारी किशोरी. यातल्या बऱ्याच कथा बायबलमध्ये नाहीत. त्या दुसऱ्या शतकातील एका लोकप्रिय ग्रंथातून आल्या आहेत.

दक्षिणेकडच्या उपमंदिरात मोझेक नाही, तिथे ओल्या गिलाव्यावर रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. ही जागा दफनासाठी होती. भिंतीत कमानीखाली कबरींचे कोनाडे आहेत, त्यातला एक मेटोकाइटिसचा असावा असे मानतात. म्हणून चित्रांचा विषयही मृत्यू आणि त्यानंतरचे. छतावर कयामतीचा दिवस आहे आणि मधोमध एक देवदूत सूर्य, चंद्र, ताऱ्यांसकट अख्खे आकाश गुंडाळून नेतो आहे. शंखासारखी ती गुंडाळी एकदा पाहिली की विसरता येत नाही.

पण खोराचे सर्वांत प्रसिद्ध चित्र त्यापुढे, टोकाच्या अर्धगोल कोनाड्यात आहे. पांढऱ्या वस्त्रातला येशू पाताळात उतरला आहे. एका हाताने ॲडमला आणि दुसऱ्या हाताने ईव्हला मनगट धरून त्याने थडग्यातून अक्षरशः खेचून काढले आहे. त्याच्या पायाखाली पाताळाचे तुटलेले दरवाजे, विखुरलेली कुलपे, किल्ल्या आणि बांधून टाकलेला सैतान. एवढा जोर, एवढी हालचाल बायझंटाइन चित्रांत क्वचितच दिसते. इटलीत जॉटोने पडुआच्या चॅपेलमध्ये काम केले, त्यानंतर जेमतेम दहा-पंधरा वर्षांतले हे चित्र आहे. युरोपच्या कलेचा इतिहास सांगताना जॉटोचे नाव हमखास येते. या चित्रकाराचे तर नावही आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

१४५३ नंतर चित्रांचे काय झाले?

‘१४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले आणि युरोपला भारताकडे जाणारा नवा मार्ग शोधावा लागला’ हे वाक्य आपल्याकडे शाळेत पाठ असते. त्या वेढ्यात खोराला मोठे महत्त्व होते. शहराची रक्षणकर्ती मानली जाणारी मरियेची प्रतिमा तटबंदीजवळ असावी म्हणून याच मठात आणून ठेवली होती. तट फुटल्यावर सैनिकांनी ती तोडून वाटून घेतली, असे समकालीन बखरकार सांगतो.

इमारत मात्र लगेच मशीद झाली नाही. सुमारे अर्ध्या शतकाने, सुलतान दुसरा बायझीद याच्या काळात, वजीर अतीक अली पाशा याने तिचे मशिदीत रूपांतर केले. घंटाघराच्या जागी मिनार आला. मक्केची दिशा दाखवणारा मिहराब आतल्या अर्धगोल भागात बसवण्यात आला. पण चर्चची दिशा आणि मक्केची दिशा तंतोतंत जुळत नाही, म्हणून तो थोडा तिरका आहे. मूळ मुख्य घुमट टिकला नाही. आज दिसणारा घुमट ऑटोमन काळातला, लाकूड आणि गिलाव्याचा आहे.

आणि चित्रे? ‘मशीद झाली म्हणजे चित्रे फोडली’ असे अनेकदा गृहीत धरले जाते. इथे तसे झाले नाही. काही भाग चुन्याखाली गेला, नमाजाच्या सभागृहातील मोझेकांवर लाकडी झडपा बसवल्या गेल्या आणि बाकीचे बरेच काही उघडेच राहिले. एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवासी या जागेला ‘मोझेकची मशीद’ म्हणूनच ओळखत. याउलट, चित्रांचे बरेच नुकसान भूकंप, गळके छत आणि दुर्लक्ष यांनी केले. आजच्या वादात दोन्ही बाजूंना ही गोष्ट अडचणीची वाटते, त्यामुळे ती फारशी कोणी सांगत नाही.

म्युझियम का झाले आणि का गेले?

मुस्तफा कमाल अतातुर्क यांच्या धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाने १९३४ मध्ये हागिया सोफियाला म्युझियम करण्याचा निर्णय घेतला. खोराबाबत तसाच मंत्रिमंडळाचा आदेश १९४५ मध्ये निघाला. १९४८ पासून अमेरिकेतील बायझंटाइन इन्स्टिट्यूटच्या तज्ज्ञांनी काम सुरू केले. थॉमस व्हिटमोर यांच्यानंतर पॉल अंडरवूड यांनी त्याची धुरा सांभाळली. चुना हलक्या हाताने काढणे, काजळी पुसणे, भिंतीपासून सुटलेला गिलावा पुन्हा धरून ठेवणे, असे हे दहा वर्षांचे किचकट काम होते. १९५८ मध्ये म्युझियम लोकांसाठी उघडले. आज जगभरच्या पुस्तकांत खोराचे जे फोटो दिसतात, त्यामागे ही मेहनत आहे. १९८५ मध्ये युनेस्कोने इस्तंबूलचा ऐतिहासिक परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला, त्यात हा भागही आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तुर्कीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १९४५ चा आदेश रद्द केला. त्यामागचे तत्त्व असे की ही वास्तू वक्फची, म्हणजे धर्मादाय न्यासाची मालमत्ता आहे. न्यासाच्या दस्तात ती मशीद म्हणून नोंदलेली असल्याने सरकारला तिचा वापर बदलता येत नाही. हाच युक्तिवाद पुढे जुलै २०२० मध्ये हागिया सोफियाबाबतही मान्य झाला. ऑगस्ट २०२० मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने खोरा धार्मिक व्यवहार खात्याकडे गेले. नमाज लगेच सुरू होणार होती, पण दुरुस्तीच्या कामामुळे ते २०२४ पर्यंत लांबले. उद्घाटनानंतर आठवडाभरातच ग्रीसचे पंतप्रधान किरियाकोस मित्सोताकिस अंकाराला गेले आणि त्यांनी हा विषय एर्दोगान यांच्यासमोर काढला. निर्णय अर्थातच बदलला नाही.

हे एकट्या खोराचे झालेले नाही. इझनिकचे हागिया सोफिया २०११ मध्ये, तर ट्रॅबझॉनचे २०१३ मध्ये असेच म्युझियमचे मशीद झाले. इतिहासात उलट दिशेची उदाहरणेही आहेत. स्पेनमध्ये कॉर्डोबाची मशीद १२३६ मध्ये चर्च झाली, ती आजही चर्चच आहे.

मग आज काय दिसते, काय नाही?

पर्यटकासाठी दिलासा म्हणजे खोरातील बहुतेक चित्रे नमाजाच्या जागेत नाहीतच. मोझेकांचा मोठा साठा बाहेरच्या आणि आतल्या दालनात आहे, भित्तिचित्रे उपमंदिरात आहेत. हे भाग पाहता येतात. पाताळातला येशू, आकाश गुंडाळणारा देवदूत, टोपीवाला मेटोकाइटिस, कराची नोंदणी, सगळे उघडे आहे.

प्रश्न मुख्य सभागृहाचा आहे. तिथे मोझेकची फक्त तीनच चित्रे उरली आहेत. दोन समोर, मिहराबच्या दोन्ही बाजूंना, एकात येशू आणि दुसऱ्यात मरिया. नमाज पढताना समोर मानवी आकृती नको, म्हणून २०२४ मध्ये मशीद खुली झाली तेव्हा ही दोन्ही पडद्याआड गेली. तिसरे चित्र मरियेच्या मृत्यूचे. तिच्या शय्येपाशी उभ्या येशूच्या हातात तिचा आत्मा तान्ह्या बाळाच्या रूपात आहे. हे चित्र दाराच्या वर, म्हणजे नमाज पढणाऱ्यांच्या पाठीमागे आहे. हागिया सोफियातही मिहराबच्या वरच्या मरियेवर २०२० पासून पडदा आहे.

आणखी एक गोष्ट फारशी चर्चेत येत नाही. सभागृहाची फरशी आणि भिंती रंगीत संगमरवराच्या आहेत. एकच शिळा मधोमध चिरून तिची दोन पाने पुस्तकासारखी उघडून शेजारी लावायची, म्हणजे शिरांची आपोआप नक्षी होते, अशी ती रचना. भिंतींवरचा संगमरवर दिसतो, फरशीवर आता गालिचा आहे.

दोन चित्रे आणि एक फरशी, हा हिशेब वरवर किरकोळ वाटेल. ट्रॅबझॉनमध्ये तर घुमटाखाली कापड ताणून अख्खे छतच झाकण्यात आले होते. त्या तुलनेत खोराची व्यवस्था नक्कीच सौम्य आहे. तरीही फरक आहे. म्युझियममध्ये चित्र दाखवणे हे त्या जागेचे मुख्य काम असते. मशिदीत मुख्य काम प्रार्थना आहे, चित्र दाखवणे ही सोय. पडदा कधी सरकवायचा, गर्दी किती सोडायची, दमट हवेचा गिलाव्यावर काय परिणाम होतो यावर कोण लक्ष ठेवणार, हे आता कलासंवर्धकांच्या हातात पूर्वीइतके राहिलेले नाही. जागतिक वारसा समितीने तुर्कीकडे वारंवार अहवाल मागितले, ते याच काळजीतून. दुसरीकडे, त्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला घराजवळ नमाज पढायला पुन्हा जुनी मशीद मिळाली आहे, आणि त्याच्या लेखी हा विषय कलेचा नाही.

जायचे असेल तर

खोरा एदिर्नेकापी भागात आहे. टी-४ ट्राम आणि मेट्रोबस, दोन्हींचा थांबा याच नावाचा आहे. तिथून चालत काही मिनिटे. नमाजासाठी येणाऱ्यांना पैसे नाहीत. परदेशी पर्यटकांसाठी २०२४ मध्ये २० युरोचे तिकीट लागू झाले. शुक्रवारी पर्यटकांना प्रवेश नसतो आणि रोजच्या नमाजाच्या वेळी सभागृहात जाता येत नाही. सभागृहात बूट काढावे लागतात, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, महिलांना डोक्यावर ओढणी लागते. तिकिटाचे दर आणि वेळा बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी ताजी माहिती पाहिलेली बरी.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावात तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतल्यानंतर भारतातील अनेक पर्यटन कंपन्यांनी तिकडची बुकिंग थांबवली होती, त्यामुळे स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे. ठरलेल्या टूरमध्ये हागिया सोफिया, ब्लू मॉस्क, टोपकापी राजवाडा आणि ग्रँड बाजार यातच दोन दिवस संपतात. खोरा दुसऱ्या टोकाला असल्याने ते बहुधा आपल्या आपणच करावे लागते.

किमान दीड तास हाताशी असावा. आधी बाहेरचे दालन, मग आतले, मग उपमंदिर आणि शेवटी सभागृह. दुर्बीण असेल तर घुमटांच्या फाकांसाठी उपयोगी पडते. बाहेर पडल्यावर इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला जावे. तिथे अर्धगोल भिंतीला टेकू देणारी एक कमान दिसते. जमीन उताराची असल्याने भिंत बाहेर झुकू नये म्हणून चौदाव्या शतकात ती उभारली आणि अजून ती आपले काम करते आहे. तिथून पुढे थोडे चालले की थिओडोसियसची तटबंदी लागते. १४५३ मध्ये शहर पडल्यावर सुलतान दुसरा मेहमेद ज्या दरवाजाने आत आला, तो एदिर्नेकापी दरवाजा याच तटबंदीत आहे.